सिजिल केलं, पण सोडलंच नाही

प्रश्न : सहा-सात महिन्यांपासून केऑस मॅजिकचा, म्हणजे विश्वास अवजारासारखा वापरणाऱ्या जादूच्या प्रवाहाचा, सराव करतेय. आतापर्यंत चौदा सिजिल (इच्छेच्या वाक्यातल्या अक्षरांपासून काढलेली चिन्हं) केली. त्यातलं मुख्य म्हणजे ‘मला चांगली नोकरी मिळू दे’. ते सतत दिसावं म्हणून मोबाइलच्या वॉलपेपरवर लावलंय, दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी बघते. अजून काहीच घडलेलं नाही. झोप लागत नाही म्हणून एक सर्व्हिटरही (एका कामासाठी मनात घडवलेला काल्पनिक मदतनीस) तयार केला. रात्री जाग आली की त्याचं ध्यान करून त्याला बळ देते, पण झोप आणखीच उडाली आहे. शिवाय मी देव मानत नाही. विश्वासच नसेल तर हे चालणार कसं? की माझ्यात ती ताकदच नाही?

उत्तर : ताकदीचा प्रश्न बाजूला ठेवू या. तुम्ही जे लिहिलंय त्यात ताकद कमी पडल्याचं एकही लक्षण दिसत नाही. गळती आहे ती पद्धतीत, दोन-तीन ठिकाणी, आणि ती बुजवता येते. सगळ्यात मोठी गळती ही की तुम्ही काहीच हातातून सुटू देत नाही. नोकरीची इच्छा दिवसभर डोळ्यांसमोर, सर्व्हिटर रात्रभर मनात, आणि मधल्या वेळात ‘माझा विश्वास आहे का’ याची चौकशी. केऑस मॅजिकमध्ये एखादी धारणा घट्ट धरणं हे अर्धंच काम असतं. ठरल्या वेळी ती खाली ठेवणं हे उरलेलं अर्धं, आणि खरा सराव त्यालाच लागतो.

विश्वासाची शंका आधी मिटवू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हा प्रवाह १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये उभा राहिला. पीटर कॅरोल आणि रे शेर्विन ही त्यातली दोन मुख्य नावं. १९७८ मध्ये त्यांनी ‘इल्युमिनेट्स ऑफ थॅनेटरॉस’ या मंडळाची घोषणा केली. त्याआधीच्या गूढविद्येच्या मंडळांत पायऱ्या, पदव्या, लांबलचक विधी आणि देवदूतांची उतरंड असा मोठा पसारा होता. या मंडळींनी विचारलं, यातलं काय काढून टाकलं तरी काम चालतं? बरंचसं काढल्यावर तीन गोष्टी उरल्या: तंत्र, मनाची टोकाला नेलेली अवस्था, आणि हवी तेव्हा घालता-उतरवता येणारी धारणा. म्हणजे इथे विश्वास हे साध्य नाही, अवजार आहे. कॅरोल यांनी सुचवलेल्या एका सरावात तर फासा टाकून सहापैकी एक जीवनदृष्टी निवडायची आणि ठरलेला काळ तिच्याप्रमाणे जगायचं. त्या सहांत नास्तिकताही आहे. तेव्हा तुमच्या नास्तिकपणाची अडचण होत नाही. अडचण तेव्हा होईल, जेव्हा तोच एक चष्मा तुम्हाला काढताच येणार नाही.

हे जमतंय का ते तीन दिवसांत तपासता येतं. एका कागदावर लिहा: ‘प्रत्येक वस्तूला स्वतःचा स्वभाव असतो.’ खाली सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ लिहा. त्या काळात दार ढकलण्याआधी त्याला मनातल्या मनात विचारा, पेन उचलताना त्याची दखल घ्या, बंद पडलेल्या यंत्राशी समजुतीच्या सुरात बोला. ‘हे खरं आहे का’ हा प्रश्न तीन दिवस पूर्णपणे बंद. वेळ संपली की कागद फाडा, दोन टाळ्या वाजवा, अर्धा मिनिट मोठ्याने हसा आणि एखादं साधं घरकाम करा. हसू खोटं असलं तरी चालतं, पण मोठ्याने हवं, कारण पोटातून हसताना गंभीर मनःस्थिती टिकवणं फार कठीण असतं. याला बॅनिशिंग म्हणतात. पंचकोनी तारे हवेत काढण्याचे विधीही आहेत, ते आवडत असतील तर करा. सुरुवातीला टाळी आणि हसू पुरे. ‘जगात घडणारं सगळं मला उद्देशून खुणावतंय’ ही धारणा मात्र तुम्ही सध्या वापरू नका. काही जण ती आवडीने वापरतात, पण झोप मोडलेली असताना ती अंगाला चिकटते आणि निघत नाही.

आता नोकरीचं सिजिल. इथे कॅरोल यांनीच मांडलेलं एक गणित उपयोगी पडतं. ते प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही, आणि जादूने घटना बदलतात याला विज्ञानाने मान्य केलेला पुरावाही नाही. पण स्वतःचा प्रयोग तपासण्याची यादी म्हणून ते उत्तम आहे. जादूचा जोर चार गोष्टींच्या गुणाकारातून येतो: मनाची अवस्था किती खोल गेली, लक्ष्याशी दुवा किती पक्का आहे, प्रयोगाची जाणीव किती कमी आहे, आणि आतला विरोध किती कमी आहे. प्रत्येकाला ० ते १ गुण. गुणाकार असल्यामुळे एक आकडा कोसळला की बाकीचे त्याला सावरू शकत नाहीत. चारही ठिकाणी ०.८ असेल तर जोर सुमारे ०.४१. बाकीचं सगळं तसंच ठेवून दिवसातून पंचवीस वेळा सिजिल बघितल्यामुळे तिसरा आकडा ०.१ वर आला, तर जोर ०.०५.

हा जोर शक्यतेत कसा मिसळतो ते आणखी बोलकं आहे. सूत्र असं: नवी शक्यता = प + (१ − प) × ज चा (१ ÷ प) घात. इथे प म्हणजे जादूशिवाय ती गोष्ट घडण्याची शक्यता आणि ज म्हणजे जोर. जोर ०.५ धरा. मूळ शक्यता ५० टक्के असेल तर ती ६२.५ होते. २० टक्के असेल तर २२.५. १० टक्के असेल तर १०.०९, म्हणजे जवळपास काहीच नाही. आणि मूळ शक्यता ५० असूनही जोर तुमच्यासारखा ०.०५ असेल, तर ५० चे जेमतेम ५०.१ होतात. लॉटरीसाठी सिजिल करणाऱ्यांची निराशा का होते, ते या ओळीतच दिसतं. जी गोष्ट घडण्याच्या बेतात आहे तिला ढकला, आणि तिला बेतात आणण्याचं काम हातापायांनी करा.

म्हणून ‘चांगली नोकरी’ हे लक्ष्य सोडा. चांगली म्हणजे कुठली, कधीपर्यंत, आणि मिळाली हे कळणार कसं, यातलं त्या वाक्यात काहीच नाही. ‘मिळू दे’ हे तर आर्जव आहे. इच्छावाक्य घडून गेलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टीसारखं लिहावं, नकार नसावा, आणि तिऱ्हाइताने वाचलं तरी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढं सांगता यावं. नोकरीचे तुकडे पाडा: अर्जाला उत्तर, मुलाखतीचं बोलावणं, मुलाखत नीट पार पडणं, हातात पत्र. ज्या टप्प्याची शक्यता आज तुमच्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास आहे, तोच घ्या. अर्जच गेले नसतील तर आधी अर्ज.

समजा, तुमची मुलाखत होऊन गेली आहे आणि निकाल बाकी आहे. वाक्य घेऊ: ‘माझ्या हाती नव्या कामाचं पत्र आहे.’ काना, मात्रा, अनुस्वार आणि सुटे स्वर काढा. जोडाक्षरं फोडा. उरतात म, झ, य, ह, त, न, व, य, क, म, च, प, त, र, ह. इथे दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक अक्षर एकदाच ठेवतात, मग अकरा उरतात. दुसरीत जे अक्षर दोनदा आलं ते पूर्णच उडवतात, तेव्हा म, य, ह, त जाऊन सात राहतात: झ, न, व, क, च, प, र. देवनागरीत दुसरी रीत बरी, कारण अकरा अक्षरांचं हमखास जाळं होतं.

शिरोरेषा टाकून द्या. आता नीट बघा: झ, न, व, च, प या पाचांना उजवीकडे उभा दांडा आहे, क ला तो मधोमध आहे. तेव्हा एकच उभी रेघ सहांचं काम करते. तिच्या डावीकडे व चा गोल काढा, त्यावरूनच उजवीकडे क ची शेपटी वळवा, दोन्ही उरकले. वर न ची आडवी रेघ आणि गाठ. प चा खोलगट भाग गोलाच्या आत बसवा, च त्याच वळणात मुरवा. र ची तिरपी शेपटी दांड्याच्या पायाशी. झ चा फक्त खालचा आकडा घ्या. पहिली आकृती कुरूपच येईल. ती बघून दुसरी काढा, दुसरी बघून तिसरी, दर वेळी एक-दोन रेघा कमी करत. पाच-सहा फटकाऱ्यांत मावली आणि डोळे मिटून आठवता आली की थांबा. दुसऱ्या दिवशी बघताक्षणी ‘क’ वाचला गेला, तर ती अजून अक्षरंच आहेत. पुन्हा काढा.

ही पद्धत लंडनच्या ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या चित्रकाराची. १९१३ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांनी वाघाचं बळ मागणाऱ्या वाक्याचं उदाहरण देऊन ती दाखवली. त्यांचं म्हणणं असं की इच्छा जाणिवेच्या पातळीवर राहिली की चिंता आणि शंका तिला कुरतडतात. म्हणून तिला वाचता न येणारं रूप द्यायचं आणि जाणिवेच्या नजरेआड करायचं. तुम्ही नेमकं उलट केलंत. रोज नजरेसमोर ठेवलेलं चिन्ह हळूहळू आठवण करून देत राहतं, अशी वेगळी पद्धत काही जण वापरतात, आणि सवय लावण्यासारख्या कामाला ती ठीकही आहे. पण ज्या गोष्टीची धाकधूक आहे तिथे ते चिन्ह प्रत्येक वेळी विचारतं, ‘झालं का? अजून नाही?’ वॉलपेपर आजच काढा.

सिजिल भारणं म्हणजे काय, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून ही पायरी राहून गेली असावी अशी शंका आहे. ज्या अवस्थेत आतली बडबड थांबते तिला नोसिस म्हणतात. तिथे दोन वाटांनी जातात: शांत होत होत, किंवा उसळत उसळत. तुमच्यासाठी शांत वाट, आणि दिवसाउजेडी. रात्री अजिबात नको.

पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कागदावर जाड काळ्या शाईने सिजिल काढा. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असं भिंतीवर लावा, हातभर अंतरावर. फोन बंद. पाठ ताठ ठेवून पाच मिनिटं श्वास मोजा, चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. मग नजर सिजिलवर. पापण्या लवल्या तर लवू द्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ताणू नका. विचार येतील, त्यांच्याशी भांडू नका, नजर पुन्हा रेघांवर आणा. दहा-पंधरा मिनिटांनी कडा थरथरायला लागतात, भोवती उजळ किनार दिसते, रेघा मधेच पुसट होतात. डोळ्यांचा हा साधा धर्म आहे, चमत्कार नव्हे, पण आपल्या कामाचा आहे. या क्षणी डोळे मिटा. अंधारात तीच आकृती उजळ दिसेल. ती विरेपर्यंतच्या त्या काही सेकंदांत फक्त तिलाच धरा. भारणं घडतं ते इथे. आधीची पंधरा मिनिटं फक्त इथवर पोचण्यासाठी.

आकृती विरली की लगेच उठा, कागद फाडा किंवा जाळा, टाळ्या, हसू, आणि हात धुऊन काहीतरी रुक्ष काम. बसून ‘जमलं का’ याचा विचार करू नका. बहुतेकांचा प्रयोग या एका मिनिटात वाया जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नजर सिजिलवर आणि मनात इच्छावाक्याचा जप. वाक्य ऐकू येत असेल तर थांबा, ते सिजिल अजून वाचता येतंय.

उसळती वाट म्हणजे नाच, ढोल, गिरक्या, मोठ्याने मंत्र, कामोत्तेजना. तिथे कळसाच्या क्षणी आकृती डोळ्यांसमोर आणतात. झोप सुधारल्यावर बघा. स्पेअर यांची श्वास कोंडून धरण्याची मुद्रा मात्र एकट्याने करूच नका, भोवळ येऊन पडण्याचा धोका खरा आहे. अपस्मार, हृदयविकार, गरोदरपण किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर श्वास रोखणं आणि गरगर फिरणं दोन्ही वर्ज्य.

‘विसरा’ म्हटल्याने कोणी विसरत नाही, त्यासाठी युक्ती करावी लागते. सहा वेगवेगळी इच्छावाक्यं घ्या. दोन महत्त्वाची, चार किरकोळ, जी घडली-न घडली तरी फरक पडत नाही: जुन्या ओळखीच्या माणसाचा फोन, हरवलेली वस्तू सापडणं, असं काही. सहाही सिजिल एकाच आकाराच्या कागदांवर काढून लिफाफ्यात टाका. प्रत्येक वाक्य वेगळ्या लिफाफ्यात, तोंड चिकटवून, वर क्रमांक आणि उघडण्याची तारीख. पंधरा दिवस हात लावू नका. मग आठवड्याला एक, न बघता उचला आणि भारा. कुठलं कशाचं ते तोवर आठवत नाही, आणि आठवलं तर ते मागे सारून दुसरं घ्या. निकालाची वाट बघण्याची खाज याने खूप कमी होते. मुलाखतीचा निकाल चार दिवसांवर आला असेल तर या पद्धतीला वेळ नाही. तेव्हा तो प्रयोग सोडून द्या, घाईने भारलेल्या सिजिलपेक्षा ते बरं.

वहीशिवाय हे सगळं करू नका. प्रयोगाआधी लिहायचं: तारीख, वेळ, पद्धत, निकाल बघण्याची तारीख, आणि जादूशिवाय ही गोष्ट घडण्याचा तुमचा प्रामाणिक अंदाज टक्क्यांत. वाक्य इथे लिहायचं नाही, फक्त लिफाफ्याचा क्रमांक. अंदाजही लिफाफे बंद करण्याआधीच नोंदवायचा. नंतर लिहायचं: किती मिनिटं, बडबड थांबली का, अवस्थेला ० ते १० गुण, मधे काय व्यत्यय आला. ठरलेल्या तारखेला लिफाफा उघडून ‘झालं’ किंवा ‘नाही’, मधलं काही नाही. ‘एका अर्थी झालं’ असं लिहावंसं वाटलं, तर ते ‘नाही’मध्ये जातं. ५० टक्के अंदाजाची दहा लक्ष्यं घेतली आणि पाच झाली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चुकलेले प्रयोग न लिहिणारा माणूस वर्षभरात स्वतःला फसवतो. तुमची आधीची चौदा सिजिल आकड्यांत धरू नका, त्यांना निकालाची तारीखच नव्हती.

आता सर्व्हिटर. याबाबत मला जास्त काळजी वाटते. सर्व्हिटर म्हणजे मनातला एक भाग वेगळा काढून त्याला नाव, रूप आणि एक काम देणं. तो तयार करताना पाच गोष्टी कागदावर हव्यात: एकच काम, नाव, राहण्याची जागा (चित्र किंवा छोटी वस्तू), खुराक, आणि संपण्याची तारीख. तुमच्या पत्रात काम ‘झोप’ एवढंच आहे, संपण्याची तारीख नाही, आणि खुराक म्हणजे मध्यरात्रीचं तुमचं लक्ष. बघा, काय झालं ते: तुम्ही जाग्या झालात की त्याला खायला मिळतं, म्हणून तुमच्या जागं असण्याशीच तो बांधला गेला. भूतबाधेची भाषा न वापरताही हे समजतं. रात्री दोन वाजता उठून मन एकाग्र करण्याची सवय लावली तर दोन वाजता जाग येणारच.

त्याला मोडा, दिवसाच. त्याचं चित्र किंवा वस्तू समोर ठेवा, नावाने हाक मारा, काम संपलं आहे असं स्पष्ट सांगा. त्याचं रूप डोळ्यांसमोर आणून पायांकडून वर विरघळताना बघा, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ते परत आत घ्या, कारण ते तुमच्यातूनच आलं होतं. सगळं विरल्यावर कागद जाळा. वस्तू असेल तर धुऊन नेहमीच्या वापरात आणा. वहीतलं नाव खोडा, तारीख लिहा, बॅनिशिंग करा. पुढचा महिनाभर ते नाव उच्चारू नका, आणि त्याच्या जागी दुसरा सर्व्हिटर बसवू नका. रात्री जाग आली तर कुठलाही सराव नाही.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडलेली असेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर वैद्यकात त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तुमची झोप कधीपासून बिघडली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा तेही मोजून बघा. लिफाफे, सिजिल, सगळं त्यानंतर. डॉक्टरांची वेळ या आठवड्यात घ्या. आणि सर्व्हिटर मोडल्यावरही तो बोलतो, हुकूम देतो, किंवा तुमच्या इच्छेविरुद्ध हजर असतो असं वाटत राहिलं, तर आणखी विधी करत बसू नका, सराव पूर्ण थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यांना हे प्रयोग, त्यांचा काळ आणि रात्रीचं जागरण, सगळं सांगा. वही सोबत न्या, तारखा तिच्यातच असतील.